साखरेच्या आधी

“साखर बघितली?”

आमच्या मॅडमना काहीही विचारा, पहिलं उत्तर हे. तुम्ही स्लाइड घेऊन जा, प्लेट घेऊन जा, नाहीतर वॉर्डातला डॉक्टर धापा टाकत जिना चढून येऊ दे, मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या, समोरच्याला नीट न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, “साखर बघितली?” नवा माणूस हमखास गोंधळायचा. एक डॉक्टर तर “पेशंटला शुगर नाही मॅडम, सकाळीच तपासली,” असं छातीठोकपणे सांगून गेला. तो जिना उतरेपर्यंत आम्ही कसंबसं हसू दाबलं.

ही साखर पेशंटची नव्हे, जंतूची. धुळ्याच्या ज्या मोठ्या दवाखान्यात मी टेक्निशियन आहे, तिथल्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेच्या मॅडम प्रमुख होत्या. पू, थुंकी, मणक्यातलं पाणी, असलं सगळं आमच्याकडे येतं आणि त्यात कोणता जंतू आहे ते आम्ही शोधून सांगायचं. या जंतूंतलं एक घराणं मॅडमच्या खास जिव्हाळ्याचं, निसेरिया नावाचं. सूक्ष्मदर्शकाखाली हे जोडीजोडीनं दिसतात, चवळीचे दोन दाणे पोटाला पोट लावून बसावेत तसे. त्यातला एक मेंदूज्वर करतो आणि धडधाकट माणूस बघता बघता नेतो. दुसरा गुप्तरोग करतो. बाकीचे भाऊबंद तुमच्या-माझ्या घशात कुणाला त्रास न देता राहतात. दिसायला सगळे सारखेच.

एका कागदाच्या पट्टीवर जंतू घासला की पट्टी जांभळी होते. शिकाऊ मुलं ती बघून “निसेरिया, निसेरिया!” म्हणून ओरडायची. मॅडम शांतपणे म्हणायच्या, “आडनाव कळलं. तेही अजून पक्कं नाही. नाव कुठं कळलं? पाटील म्हटलं म्हणजे कोणता पाटील?” आमच्या खानदेशात हे समजावून सांगावं लागत नाही. धुळ्याच्या बसस्टँडवर उभं राहून ‘ओ पाटील’ अशी एक हाक मारून बघा.

नावासाठी साखर लागते. वेगवेगळ्या साखरा घातलेल्या लाल नळ्यांत जंतू सोडायचा. त्याला जी साखर पचते ती नळी पिवळी होते. गुप्तरोगवाला फक्त ग्लुकोज खातो. मेंदूज्वरवाला ग्लुकोज खातो आणि माल्टोजही खातो. घशातले गरीब कोणी आणखी काही खातात, कोणी कशालाच तोंड लावत नाहीत. “पंगतीला बसवल्याशिवाय माणूस कळत नाही,” हे मॅडमचं वाक्य. ही पंगत उठायला एक दिवस लागतो, कधी जास्त. तोवर मॅडम नाव घ्यायच्या नाहीत. फोनवर नाही, तोंडी नाही, समोर कितीही मोठा डॉक्टर असो.

मला खरं सांगायचं तर या गोष्टीचा राग यायचा. मी चाळीसगावचा. रोज पॅसेंजरनं येणारा-जाणारा. गाडी सुटायची वेळ झाली की माझा जीव खालीवर व्हायचा आणि मॅडम निवांत नळी उजेडाकडे धरून बसलेल्या. “मॅडम, दिसतंय ना तेच,” असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, “कामून रे भाऊ घाई करून राह्यला? गाडी उद्याही आहे.” मॅडम मूळच्या जळगावच्या पूर्वेकडच्या, केळीच्या पट्ट्यातल्या. एरवी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण रागावल्या किंवा माया आली की त्यांच्या गावची बोली बाहेर यायची. दोन्हीपैकी नेमकं काय आलंय ते आपण ओळखायचं.

आता आमच्या खानदेशातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. जे नासेल ते बर्फात ठेवायचं, हे इथं लहान पोरालाही कळतं. एकदा वॉर्डातल्या मामांनी मेंदूज्वराच्या संशयित पेशंटचं मणक्यातलं पाणी बर्फाच्या डब्यात घालून आणलं. बिचारे घामाघूम होऊन, मोठ्या कौतुकानं डबा पुढे करून उभे. मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो मामा, कुल्फी आहे का ती? हा जंतू थंडीनं मरतो. याला तापातल्या पोरासारखं आणायचं, उराशी धरून.” तेव्हापासून मामा नळी मुठीत धरून, मूठ छातीशी दाबून यायचे. कॉरिडॉरमधल्या लोकांना वाटायचं, यांना छातीत कळ आली.

या जंतूला साधी हवाही चालत नाही. त्याला जरा कोंदट लागतं. म्हणून मोठ्या बरणीत जंतू वाढवायच्या प्लेटा ठेवायच्या, आत मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बसवायचं. मेणबत्ती आपोआप विझते आणि आतली हवा त्याच्या मनासारखी होते. मॅडम ही मेणबत्ती स्वतः लावायच्या. आम्ही म्हणायचो, मॅडमचा वाढदिवस रोजच असतो. त्यावर त्या म्हणायच्या, “मग केक आण ना, फुकट टाळ्या कामून वाजवता?”

लग्न त्यांनी केलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा नर्सबायकांनी त्यांना घेरलं आणि चेष्टेनं म्हणाल्या, “मॅडम, तुम्हीपण नाव घ्या.” मॅडमनी तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “साखर बघायची राहिली, म्हणून नाव घ्यायचं राहिलं.” बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसलो. नंतर वाटलं, हे वाक्य त्यांनी आधीपासून तयार ठेवलेलं असावं.

तर अशा या बाईच्या तोंडून एकदा साखरेच्या आधी नाव निघालं. तीच गोष्ट मला सांगायची आहे.

मिरचीचा हंगाम होता. दोंडाईच्याच्या बाजूला या दिवसांत मिरचीच्या पथाऱ्या पडतात. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान. नजर जाईल तिथवर लाल. तिथं काम करणाऱ्या सगळ्यांचेच डोळे लाल असतात आणि नाकं गळत असतात. त्या भागातल्या एका गावातली चार वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. तिचा काका पथारीवर कामाला होता आणि ही पोर सतत त्याच्या खांद्यावर. तिचे डोळे लाल झाले तेव्हा घरच्यांनी मिरचीवर ढकललं. आजीनं गुलाबपाणी घातलं, थंड दुधाच्या घड्या ठेवल्या. दुसरीकडे कुठं हे झालं असतं तर लोक लगेच दवाखान्यात गेले असते. इथं लाल डोळ्यांचं कुणाला नवल नाही.

मग पू यायला लागला. सकाळी पापण्या चिकटलेल्या आणि पोर रडायचीही थांबलेली, तेव्हा काका तिला घेऊन निघाला. मुलीचे आईबाप कापूस वेचायला गेले होते. त्यानं कुणाची वाट बघितली नाही. एसटीनं धुळ्याला आला आणि डोळ्यांच्या वॉर्डात तिला दाखल केलं. मी पुवाचा नमुना आणायला गेलो तेव्हा तो तिला मांडीवर घेऊन बसला होता. ऐन पंचविशीतला, हडकुळा पोरगा. मिरचीनं त्याची बोटं लाल झालेली. म्हणून तो तिच्या डोळ्यांना बोटं लावत नव्हता, मनगटानं तिचे केस बाजूला सारत होता.

नमुना आला, स्लाइड रंगवली. पुवाच्या पेशींमध्ये खच्चून भरलेल्या गुलाबी जोड्या. मी मॅडमना बोलावलं. त्या खूप वेळ बघत राहिल्या.

तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. नवीन डॉक्टर मुलगी होती, हुशार आणि घाबरलेली. “मॅडम, बुबुळ धूसर होतंय. उद्यापर्यंत थांबले तर डोळा जाईल. काय दिसतंय तेवढं सांगा, मी औषध सुरू करते.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. डोळा जाईल हे खरंच होतं. हा जंतू डोळ्याला भोक पाडतो.

“गोनोकॉकससारखं दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “त्याचं इंजेक्शन लगेच दे. पण नाव कुठं लिहू नको आणि बोलू नको. अजून साखर बघायची आहे.”

गोनोकॉकस म्हणजे तो गुप्तरोगवाला.

औषध बरोबर होतं. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की दोन्ही जंतूंना त्या घडीला इंजेक्शन तेच देतात. मॅडम नाव न घेता नुसतं औषधाचं नाव सांगू शकल्या असत्या. हे मी नंतर मनातल्या मनात म्हटलं. त्या स्वतःला ते रोज म्हणत असणार.

पुढं जे झालं त्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. डॉक्टर मुलीनं शिकाऊ मुलांना राउंडवर सांगितलं, “गोनोकॉकस असू शकतो.” ‘सारखं’ वॉर्डात पोचता पोचता ‘असू शकतो’ झालं. पलंगाशी वॉर्डातली मावशी उभी होती. तिचा जन्म दवाखान्यात गेलेला, तिला असले शब्द कळतात. तोवर मुलीची आजी आणि आई गावाहून आल्या होत्या. आजीनं मावशीचा हात धरला. “काय व्हयनं व माय, मन्ही पोरले?”

मावशीनं आवाज खाली आणला. तिच्या मनात कळवळाच होता, घरातलं घरात निस्तरावं म्हणून तिनं सांगितलं. एकच शब्द सांगितला. “परमा.”

गुप्तरोगाचा हा जुना शब्द आता पुस्तकात फार येत नाही, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून माहीत आहे. परमा कशानं होतो तेही त्यांना माहीत आहे. ‘सारखं’ आणि ‘असू शकतो’ हे दोन्ही शब्द मावशीपाशीच गळून पडले आणि आजीच्या पदरात नुसता परमा पडला. चार वर्षांच्या पोरीला परमा. मग एकच प्रश्न उरतो, आणि त्या घरात त्याचं उत्तर मांडी घालून समोरच बसलेलं होतं, पोरीला वरणभात भरवत.

संध्याकाळी मुलीचा बाप आला. त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला सगळ्या वॉर्डासमोर थोबाडीत मारली. मी तेव्हा तिथं नव्हतो. मामांनी सांगितलं. काकानं विचारलंसुद्धा नाही म्हणे, कशासाठी मारलंस. बापाबरोबर आलेले मुलीचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत, त्याला बाहेर घेऊन गेले आणि एकटेच परत आले. पोरगी ‘काका, काका’ करत राहिली. तिच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, त्यामुळे तो नाही हे तिला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे मॅडमना सांगितलं. त्या उभ्या होत्या, खाली बसल्या.

“मी सारखं म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम. मी ऐकलंय. नाव बोलू नको, असंही म्हणालात.”

“पण नाव माझ्या तोंडून निघालं ना?”

मी म्हटलं, मॅडम, आणि खरंच तोच असला तर? त्यांनी मान हलवली. “असलं तर असेल. असं घडतच नाही असं थोडंच आहे? घडतं. घराघरांत घडतं. म्हणून तर ते नाव जपून घ्यायचं असतं, म्हणजे घेतलं की ते खरं असेल. मी ते फुकट घालवलं.”

मॅडमनी कागदावर काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे पोलीस आले नाहीत. पण गावाला पोलीस लागत नाहीत.

प्लेटवर जंतू उगवला होता. आम्ही तो साखरेच्या नळ्यांत सोडला. आणि मग सुरू झालं ते वाट बघणं. तुम्ही कधी निकालाची, नाहीतर ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर वाट बघितली असेल, तर तुम्हाला ते कळेल. फरक इतकाच की आमचं दार काचेचं होतं आणि आत काय चाललंय ते दिसत होतं.

पुढच्या सकाळी ग्लुकोजची नळी पिवळी. माल्टोजची लाल.

म्हणजे तोच. गोनोकॉकस. त्या पोराचं मनगट माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि लाज वाटली की आपल्याला त्याची कीव आली होती. माणसाचं मन किती लवकर उलटतं बघा.

मॅडम म्हणाल्या, “थांब.” माल्टोज उशिरानंही पचतो, हे मलाही ठाऊक होतं, पण त्या वेळी मला ते वकिली वाटलं. त्यांनी ताज्या जंतूचा दाट गोळा घेऊन नळ्या पुन्हा लावल्या. दिवसभर दुसरं काम केलं नाही. जेवणाचा डबा उघडला, एक घास घेतला, बंद केला. दुपार कलली तेव्हा नळीत नारिंगी झाक आली. मग पिवळी. दोन्ही खेपेच्या नळ्या, जुन्याही आणि नव्याही.

त्या नळी घेऊन खिडकीशी गेल्या. मला बोलावलं. मामांना बोलावलं. झाडूवाल्या ताईला बोलावलं. प्रत्येकाला एकच विचारलं, “कोणता रंग?” सगळे म्हणाले पिवळा. तरी त्या मला म्हणाल्या, “भाऊ, खरं सांग. मला पिवळा हवाय म्हणून पिवळा दिसून नाही ना राह्यला?”

“नाही मॅडम. पिवळाच आहे.”

तो मेंदूज्वरवाला होता. घशात राहणारा, शिंकेतून, खोकल्यातून, लाडानं घेतलेल्या पापीतून जाणारा. कधी कधी तो डोळ्यात उतरतो. त्यात कुणाचं पाप नसतं. मोठ्या प्रयोगशाळेकडं नमुना पाठवला, तिकडूनही पुढे हेच उत्तर आलं. पण मॅडम त्याला थांबल्या नाहीत. त्याच पावली वॉर्डात गेल्या, मी मागे. पोरीच्या पलंगाशी, आजीजवळ खाली बसून त्यांनी सांगितलं, “परमा नाही. समजलं का? परमा नाही. हा घशातला जंतू आहे. चांगल्या चांगल्यांच्या घशात असतो, माझ्याही असेल.” मावशीलाही बोलावून तिच्यादेखत पुन्हा सांगितलं. मावशी पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला कुणी काही बोललं नाही.

पोरीचे डोळे वाचले. हे सांगायला हवं. दोन्ही वाचले.

मेंदूज्वरवाला निघाला म्हणजे घरातल्या सगळ्यांना, पोरीच्या निकट आलेल्या प्रत्येकाला गोळी द्यावी लागते. एकेकच गोळी, पण ती चुकवायची नाही. मॅडम म्हणाल्या, मी स्वतः जाते. प्रमुख डॉक्टर कधी गोळ्या वाटायला जातात का? पण त्या गेल्या, आणि मला नेलं. गावच्या आरोग्यसेविकेनं घर दाखवलं. अंगणात खाट टाकली, चहा झाला, सगळ्यांनी गोळ्या घेतल्या. मॅडमनी आबांना पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. शेजारचेही चारजण कुंपणाशी उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं.

आबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही सांगतस ते खरं शे. पन गावमा जे बोलाई गयं, ते आते माघारी कसं लेवानं?”

मॅडमनी विचारलं, “तो कुठं आहे?”

“गया.” आबांनी दोंडाईचा स्टेशनच्या दिशेनं हात केला. सुरतेकडं जाणारी गाडी तिथं थांबते. आमच्याकडचे निम्मे तरुण त्या गाडीनं कधी ना कधी गेलेले असतात.

मुलीचा बाप भिंतीला टेकून उभा होता. निघताना त्यानं माझ्याकडे भावाचा नंबर दिला आणि म्हणाला, “मन्हा फोन तो उचलत नही.”

परतीच्या वाटेत मॅडमनी फोन लावला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यानं उचलला. मॅडमनी आपली ओळख सांगितली आणि सांगायला सुरुवात केली की तपासणीत असं असं निघालंय. त्यानं मध्येच तोडलं. “पोरना डोया बरा शेतस ना?”

“बरे आहेत,” मॅडम म्हणाल्या. “चांगलं दिसतंय तिला.”

तिकडून नुसता यंत्रांचा आवाज येत राहिला, कुठल्याशा कारखान्यातला. मग मॅडम म्हणाल्या, “तुला एक गोळी घ्यायची आहे. ती मी दुसऱ्या कुणाकडून देणार नाही. तू इथं ये.” गोळी सुरतेतल्या कुठल्याही डॉक्टरनं दिली असती, आणि थांबायलाही नको होतं. हे मॅडमना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. “कधी येशील?” त्या म्हणाल्या, “उद्या निघ. उद्याच निघ रे बाबा.” आणि ज्या दिवशी तो यायचा होता, त्याच दिवशी त्यांनी आबांना निरोप दिला की पोरीला डोळे दाखवायला घेऊन या. त्यांच्या मनात काय होतं ते मला समजलं. मला ते आवडलं होतं, हेही सांगून टाकतो.

तो आला. आमच्या लॅबच्या बाहेरच्या बाकावर अंग चोरून बसला. घशाचा नमुना घ्यायच्या काडीचं पाकीट मी फोडायला घेतलं. जंतू याच्या घशात आहे का, हे बघता आलं असतं, आणि मॅडमइतकी बघायची सवय दुसऱ्या कुणाला नव्हती. मॅडमनी माझा हात धरला.

“नको. नुसती गोळी दे.”

“पण मॅडम, कळेल तरी कुठून आलं ते.”

“कळलं आणि याच्यात निघालं, तर गाव काय ऐकेल?” त्या हळू बोलत होत्या. “गाव ‘घसा’ ऐकणार नाही, भाऊ. याच्यातून आलं, एवढंच ऐकेल. गोळी सगळ्यांना सारखीच आहे. मला नाही बघायचं.”

मी पाकीट खिशात घातलं. एवढ्या वर्षांत बघायचं नाही असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या.

मॅडम मुदतीच्या आधीच नोकरीतून मोकळ्या झाल्या, त्याला आता बराच काळ झाला. लॅबमध्ये नवीन यंत्र आलंय, ते थोड्या वेळात जंतूचं नाव छापून देतं, साखरबिखर लागत नाही. मॅडम त्यांच्या गावी भावाकडे राहायला गेल्या आणि गेल्या थंडीत तिथंच वारल्या. मी गेलो होतो. केळीच्या बागांतून वाट होती, माणसं थोडीच होती. त्यांच्या भाचीनं मला विचारलं, आत्या तिकडं कशी होती हो? मी म्हटलं, फार काटेकोर होत्या. दुसरं काही सुचलं नाही. जे आठवत होतं ते तिला तिथं सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

तर त्या दिवशी बाकावर काकानं गोळी घेतली, पाणी प्यायला, तेवढ्यात जिन्यावरून आबा आणि पोरगी वर आले. पोरीचे डोळे उघडे, स्वच्छ. तिनं त्याला बघितलं आणि सगळा कॉरिडॉर पळत आली. “काका, माले उचल ना!” तो उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. ती त्याचा शर्ट ओढत राहिली. आबा भिंतीकडे बघत होते. डोळ्यांच्या ओपीडीला आलेली पाच-पन्नास माणसं बाकांवर बसलेली होती. त्यांच्यातल्या कुणाला काही माहीत नव्हतं.

“उचल तिला,” मॅडम म्हणाल्या. “आता काही नाही. मी सांगतेय ना.”

“माले समजनं मॅडम,” तो म्हणाला. “पन आते तिले उचलाले भेव वाटस.”

पोरीला त्यातलं काही कळलं नाही. ती बाकावर चढली, तिथून तिनं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि पाय सोडून दिले. ती आपल्या हातांनी त्याच्या गळ्याला लटकत होती, आणि त्याचे दोन्ही हात बाजूला, हवेत, तळवे उघडे, सगळ्यांना दिसतील असे. तिची पकड सुटायला लागली तरी ते हात तसेच राहिले. तेव्हा मॅडम पुढं झाल्या, आणि त्यांनी आपले दोन्ही हात खालून लावून पोरीचं वजन तोलून धरलं.